निवृत्तीशेठचा कर्णा

मित्रांनो, वडगाव मावळच्या बाजारात खांबावर टांगलेला पत्र्याचा कर्णा म्हणजे मी. आता पार गंजलोय. पण १९६०च्या सुमारास माझा आवाज रेल्वे फाटकापर्यंत जायचा.

मला आणलं निवृत्तीशेठनी. त्यांची तंबाखूची वखार होती आणि राजकारणात वजनही होतं. दर बाजाराला मी त्यांच्या मिश्रीची, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची, जाहिरात करी, "दात बळकट, तोंड स्वच्छ." लोक माना वर करून ऐकत. मला अभिमान वाटे.

एकदा दवाखान्यातल्या नर्स इंदिराबाई माझ्या माइकवरून तोंडाच्या कॅन्सरविषयी बोलायला आल्या. शेठनी त्यांचा कागद वाचला आणि तंबाखू-मिश्रीची ओळ पेन्सिलीने खोडली.

"बाई, निवडणूक तोंडावर आलीय. वखारीत साठ बाया कामाला आहेत, त्यांच्या पोटाचं काय? एवढी ओळ गाळा."

इंदिराबाईंनी ती गाळून उरलेलं वाचलं. मीही ते मुकाट्याने सगळीकडे पोचवलं.

तेवढ्यात बेडसे गावची हिरी पुढे आली. गालावर पदर धरलेला.

"बाई, गालात जखम हाय. चार म्हैने झालं, भरंना. मिशरी लावली की बरं वाटतं. लावू का नगं?"

इंदिराबाईंनी शेठकडे पाहिलं, मग हिरीकडे. त्यांनी माइक तोंडाशी ओढला. त्याची खरखर बाजारभर ऐकू गेली.

"नको लावू, हिरी. मिश्रीनं, तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. सगळ्याजणी ऐका..."

शेठनी बॅटरीची तार उपटली. मी मुका झालो. इंदिराबाई घसा फोडून बोलत राहिल्या, पण दहा पावलांपलीकडे काही पोचलं नाही.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी हिरीला स्वतः पुण्याला नेलं. ऑपरेशन झालं, हिरी वाचली. गाल मात्र आत ओढला गेला.

मी पुन्हा जाहिरात करू लागलो. हिरी बाजाराला माझ्याच खांबाखाली करवंदं घेऊन बसे आणि बायांना पदर सारून गाल दाखवी.

"वर त्यो काय बी बोलंल. तुमी हितं बघा."

एकदा वखारीतल्या चंपाने तो गाल बोटांनी चाचपला. मग कनवटीची मिश्रीची डबी तिने गटारात रिकामी केली. मी वरून ओरडतच होतो. तिने मान वर केली नाही.

मित्रांनो, मोठा आवाज कानावर आला, की त्याची तार कुणाच्या हातात आहे ते विचारत जा. आणि तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर माझ्यासारख्याचं ऐकत थांबू नका. दवाखाना गाठा.