हिरवा आणि मातकट

अंशुमन दाबकेच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये घर घेतलं तेव्हाच त्याने बायकोला, अर्चनाला, सांगून टाकलं होतं की गाडी बाहेर, घरापुढच्या ड्राइव्हवर राहील आणि गॅरेजमध्ये विमानं बनतील. विमानं म्हणजे प्लास्टिकच्या किटमधली, तळहातावर मावतील एवढी. एकेक भाग कापून सोडवायचा, घासायचा, चिकटवायचा आणि मग विमान रंगवायचं. जोडणी कुणालाही जमते, खरी परीक्षा रंगात असते, असं तो म्हणायचा, आणि रंगात त्याचा हात खरोखर चांगला होता. गॅरेजमधल्या थंडीत स्प्रेचा कॅन तो आधी कोमट पाण्यात ठेवायचा, आतली गोळी मोकळी खुळखुळेपर्यंत हलवायचा, आणि हात विमानाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे नेऊन मगच बटण सोडायचा, म्हणजे अंगावर थेंब साचत नाहीत. कॉकपिटमधलं काम तो चार केसांच्या ब्रशने करायचा. तेव्हा त्याच्याशी कुणी बोलायचं नसे.

फळीवरची ती विमानं एका ओळीत पाहिली की एक गोष्ट ध्यानात येई. सगळी चंदेरी, राखाडी, नाहीतर पांढरी. मॉडेल क्लबातली माणसं त्याची थट्टा करायची की उन्हाच्या देशातून आलेल्या या माणसाला बर्फाचं एवढं वेड कसं. तोही हसायचा. खरं कारण इथे फक्त अर्चनाला माहीत होतं. अंशुमनला हिरवा आणि तांबडा यांतला फरक कळत नव्हता, आणि तपकिरी, मातकट असे रंग हिरव्यापासून वेगळे काढता येत नव्हते.

तो नाशिकजवळच्या ओझरला वाढला होता, विमानांच्या कारखान्याशेजारी. डोक्यावरून जाणारं विमान आवाजावरून ओळखण्याची पैज मुलं लावायची आणि तो ती जिंकायचा. वैमानिक व्हायचं हे ठरलेलंच होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि मग मेडिकलच्या खोलीत डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा होता. डॉक्टर पानं उलटत गेले आणि त्याला नुसते ठिपके दिसत राहिले. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, मग इथे. ही गोष्ट त्याने नंतर अर्चनाखेरीज कुणाला सांगितली नाही. घरात तिचा विनोद झाला होता. टोमॅटो पिकलाय की कच्चा आहे हे अर्चनाने सांगायचं, चार्जरचा दिवा लाल की हिरवा हेही तिनेच. पण गॅरेजमध्ये या विषयावर विनोद चालत नसे.

क्लब दर पंधरा दिवसांनी कम्युनिटी सेंटरमध्ये भरायचा. तिथे इलियास पेझारकर नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ यायचे. ठाण्यात वाढलेले बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, तरुणपणी इंग्लंडला आले, आयुष्य लंडनच्या स्टॅनमोरमध्ये काढलं आणि बायको गेल्यावर मुलीजवळ, याएलजवळ, मिल्टन कीन्सला राहायला आले. ते जहाजं बनवायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव ऐकलं आणि "दाबके म्हणजे कुठले?" असं सरळ मराठीत विचारलं. तेव्हापासून ते अंशुमनचे इलियासकाका झाले. याएलला मराठी फारसं येत नाही, त्यामुळे क्लबच्या दिवशी ते बोलण्याची सगळी हौस भागवून घ्यायचे.

जानेवारीत क्लबाने ठरवलं की मे महिन्यातल्या प्रदर्शनात सगळ्यांनी मिळून एक टेबल मांडायचं. १९४० सालची इंग्लिश धावपट्टी, आणि तिच्यावर प्रत्येकाने बनवलेलं एकेक विमान. क्लबाचा सेक्रेटरी ग्रॅहम याने कामं वाटली. पुढच्या रांगेतलं हरिकेन जातीचं लढाऊ विमान त्याने अंशुमनला दिलं, कारण लोक सगळ्यात जवळून तेच बघणार आणि सगळ्यात साफ हात अंशुमनचा. त्या काळच्या ब्रिटिश लढाऊ विमानांची पाठ दोनच रंगांची असे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गडद हिरवा आणि गडद मातकट, नागमोडी पट्ट्यांचे. अंशुमनने मान डोलावली आणि किट घरी घेऊन आला.

अर्चना म्हणाली, यात काय, मी शेजारी उभी राहते आणि सांगते. दोन रविवार ती उभी राहिलीही. पण ती जीपी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर काम करायची, आठवडाभर लोकांची बोलणी खाऊन आलेली असायची, आणि ब्रश टेकला की "अजून थोडं वर, नाही, तिकडे नाही" असं सांगणं हे दोघांनाही लवकरच असह्य झालं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी रंगवायचं तर मग आपण कशाला, असं तो म्हणाला. ती घरात निघून गेली.

मग त्याने एकट्यानेच केलं. मातकट स्प्रे मारला, वाळू दिला, पट्ट्या टेपने झाकल्या, कॅनवरचं नाव दोनदा वाचून हिरवा मारला. टेप काढायची वेळ ही या छंदातली सगळ्यात सुखाची वेळ असते. खालून स्वच्छ कडा बाहेर येते आणि केलेलं सगळं एकदम दिसतं. अंशुमनने टेप सोलली आणि त्याला काहीच दिसलं नाही. हातात एकाच मळकट रंगाचं विमान होतं. त्याने ते दिव्याजवळ नेलं, खिडकीपाशी नेलं. अर्चनाला बोलावलं, ती छान झालंय म्हणाली. ते खरं आहे की ती त्याचं मन राखतेय, हे ठरवायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं.

क्लबात ग्रॅहमने विमान हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि पेनाच्या टोकाने शेपटी दाखवली. तिथे टेप उचलली गेली होती, हिरव्याचे शिंतोडे मातकटावर पसरले होते. पंखाच्या मुळाशीही एक पट्टा अर्धवट राहिला होता. तुझ्याकडून असं कधी होत नाही, बरं नव्हतं का, असं त्याने अगदी आपुलकीने विचारलं. घाई झाली, असं अंशुमन म्हणाला.

कार पार्कमध्ये इलियासकाका काठी टेकत त्याच्या मागोमाग आले.

"तुला ते दोन्ही सारखेच दिसतात ना?"

अंशुमन गाडीचं दार धरून उभा राहिला. मग हो म्हणाला.

"माझ्या धाकट्या भावाचं असंच होतं. बोटीवर नोकरी करायची होती, घेतलं नाही. फार मनाला लावून घेतलं त्याने." टेबलावर एक चंदेरी विमानही ठेवायचं आहे, ते तुला देऊन हरिकेन दुसऱ्याला द्यायला मी ग्रॅहमला सांगतो, कारण सांगायची गरज नाही, असं ते म्हणाले.

अंशुमनने त्यांचे आभार मानले आणि हरिकेन मीच करणार म्हणून सांगितलं. कसं करणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. घरी जाताना त्याच्या एवढंच लक्षात आलं की एकदा, त्या मेडिकलच्या खोलीत, त्याच्या हातातली गोष्ट काढून घेतली गेली होती, आणि या वेळी ती तो स्वतः सोडणार नव्हता.

त्याने विमानावरचा सगळा रंग उतरवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मातकट थर पुन्हा मारला. तो वाळल्यावर पंखावर चिन्ह चिकटवायच्या जागी त्याने ब्रशने थोडं चकचकीत वॉर्निश लावून पाहिलं, कारण स्टिकर गुळगुळीत जागेवर नीट बसतो. मग पंख तपासायला त्याने विमान टेबललॅम्पखाली तिरकं धरलं. वॉर्निशचा तो डाग आरशासारखा चमकला. भोवतीचा पंख मंद, मध्ये झळझळीत गोल, आणि दोन्हींमधली कडा सुरीने कापावी तशी स्वच्छ. विमान सरळ केलं की डाग नाहीसा व्हायचा, तिरकं केलं की परत यायचा. अंशुमन बराच वेळ ते नुसतं तिरकं-सरळ करत राहिला. मग त्याने अर्चनाला हाक मारली.

"मला रंग दिसत नाही, पण चमक दिसते," तो म्हणाला. "मातकट सगळा चकचकीत करतो आणि हिरवा बिनचमकेचा लावतो. कडा मला दिसेल."

अर्चनाने लॅम्प स्वतःच्या हातात घेतला आणि पंखावर फिरवून पाहिला. मग ती म्हणाली की हा दिवा फार उजेड पसरवतो, तुला अरुंद उजेडाचा हवा. दुसऱ्या दिवशी तिने तसा आणला.

त्यानंतरचे आठवडे त्याच्या आयुष्यातले फार चांगले गेले. संपूर्ण पाठ चकचकीत मातकट झाली होती. तिच्यावर त्याने पेन्सिलीने पट्ट्यांची रेघ आखली आणि मॅट हिरवा रंग या वेळी स्प्रेने न मारता ब्रशने भरायला घेतला, पातळ करून, थरावर थर. दिवा डावीकडून तिरका. जिथे हिरवा पोचला तिथली चमक विझायची, जिथे पोचला नाही तिथे ती डोळ्यांत घुसायची. एक ठिपका राहिला तरी काजव्यासारखा दिसायचा. आपलं काम स्वतः तपासता येणं म्हणजे काय, हे त्याला या दोन रंगांच्या बाबतीत पहिल्यांदाच कळत होतं. नाकापासून निघालेली रेघ कॉकपिटला वळसा घालून डाव्या पंखात उतरते, तिथून मागे येते, हे त्याच्या बोटांत बसून गेलं. अर्चना अधूनमधून चहा घेऊन यायची आणि काही सांगायची नाही. कसं दिसतंय हे त्याने विचारायचंही नाही, असं दोघांनी न ठरवताच ठरवलं होतं.

शेवटचा थर मात्र राहिला होता. खरं हरिकेन चमकत नसे, त्यामुळे सगळ्यावर मॅट वॉर्निशचा स्प्रे मारावाच लागणार होता. तो मारला की चमक सगळीकडची जाणार, आणि त्याबरोबर त्याला दिसणारी ती कडाही. शिवाय दमट हवेत हे वॉर्निश पांढुरकं होऊन बसतं आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. इंग्लंडात एप्रिलमध्ये कोरडा दिवस मिळणं सोपं नसतं. तो रोज हवामान पाहायचा आणि थांबायचा. अर्चनाला वाटलं तो पावसालाच घाबरतोय.

एका शनिवारी लख्ख ऊन पडलं, कोरडा वारा सुटला. अंशुमनने गॅरेजचं दार उघडलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात विमान काठीवर उभं केलं आणि दिवा लावून एकदा सगळीकडून नीट पाहून घेतलं. मग कॅन हलवला आणि हलका फवारा मारला, नाकाकडून शेपटीकडे. आधी डावा पंख विझला, मग पाठ, मग उजवा. वॉर्निश वाळल्यावर त्याच्यासमोर पुन्हा एकाच मळकट रंगाचं विमान होतं, पहिल्या वेळी होतं तसंच. पण आता त्याला कुणाला काही विचारायचं नव्हतं. अर्चना दारात आली तेव्हा तोच म्हणाला, "झालंय. चांगलं झालंय."

प्रदर्शन एका शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये होतं. क्लबाच्या टेबलाभोवती सकाळपासून गर्दी होती. दुपारी परीक्षक बाई आल्या, करड्या केसांच्या, गळ्यात भिंग अडकवलेल्या. हरिकेनपाशी त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. ही कडा एअरब्रशची आहे का, असं त्यांनी विचारलं. अंशुमन म्हणाला की मातकट स्प्रेचा आहे, हिरवा साध्या ब्रशने भरलाय. बाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. ब्रशची एक रेघही दिसत नाही, असं त्या म्हणाल्या.

मागे अर्चना, ग्रॅहम आणि इलियासकाका उभे होते. अंशुमनला तिथेच थांबता आलं असतं.

"मला या दोन रंगांतला फरक दिसत नाही," तो म्हणाला. "मला हे सगळं एका रंगाचं दिसतं."

बाईंना ती थट्टा वाटली. ग्रॅहम मात्र त्याच्याकडे बघतच राहिला. अंशुमनने बोट पुढे केलं, विमानापासून जरा वर, स्पर्श न करता. नाकापासून सुरुवात केली, कॉकपिटला वळसा घातला, डाव्या पंखात उतरला, तिथला छोटा गोलावा घेतला, पुन्हा पाठीवर चढला आणि शेपटीच्या टोकापर्यंत गेला. उजव्या बाजूनेही तसाच. बाई खाली वाकून बोटाखालची रेघ बघत होत्या. बोट एकदाही रेघेवरून घसरलं नाही. मग त्यांनी चमकेची सगळी युक्ती विचारून घेतली, आणि मॅट वॉर्निश मारताना काय वाटलं तेही विचारलं. अंशुमन म्हणाला, भीती वाटली होती, पण मारल्यावर गेली.

इलियासकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "आज माझा भाऊ इथे हवा होता," एवढंच ते म्हणाले. ग्रॅहमने शेपटीचे ते शिंतोडे दाखवल्याबद्दल माफी मागितली. ते शिंतोडे खरेच होते, तू सांगितलंस ते बरं झालं, असं अंशुमनने त्याला सांगितलं. ही युक्ती क्लबात सगळ्यांना करून दाखवशील का, असं ग्रॅहमने विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

एकेकट्या विमानांच्या गटात क्लबाच्या टेबलावरची विमानंही धरली होती; तिथे पहिला क्रमांक कॉव्हेंट्रीहून आलेल्या एका बॉम्बरला मिळाला, आणि ते विमान त्या लायकीचं होतं हे अंशुमननेच आधी ओळखलं होतं. दुसरा क्रमांक हरिकेनला मिळाला. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याचा चेहरा तांबडा झाला, असं अर्चनाने त्याला नंतर सांगितलं.

घरी जाताना ती मांडीवर खोकं धरून बसली होती. फोटो काढून झाले होते. घरच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकू का, असं तिने विचारलं, कारण आजवर तो विमानांचे फोटो टाकू देत नसे. लोक रंगांबद्दल काहीतरी विचारतील म्हणून.

"टाक," तो म्हणाला. "आणि लिही की दोन्ही रंग मीच दिलेत."

तिने लिहिलं, पाठवलं, आणि फोन लगेच वाजायला लागला. ओझरहून, पुण्याहून, त्याच्या बहिणीचे, जुन्या मित्रांचे निरोप येत होते. ती एकेक निरोप वाचून दाखवत होती आणि अंशुमन ऐकण्यात एवढा गुंगला की राउंडअबाउटच्या गोल चौकातून घराकडे वळायचं विसरला आणि त्याला आणखी एक फेरी मारावी लागली.