शिंप्याच्या पायरीवरचा वाडगा

मित्रांनो, बॉबिन वाचणार नाही हे घरात कळलं, तेव्हा मी शिलाई मशीनखाली होतो. माझ्यात थोडं दूध उरलं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाला तपासलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"बाहेरची कुत्री यातच पितात का?"

"हो," शिंपीकाका म्हणाले. "आमच्या हिची पद्धत होती ती."

तेव्हापासून मला तोंड लपवायला जागा सापडत नाही.

मी एक जुना जर्मनचा वाडगा आहे, एका बाजूने चेपलेला. शिंपीणकाकू रोज सकाळी माझ्यात दूध-पाव कुस्करून मला पायरीवर ठेवायच्या. "सावकाश खा रे, कुणी पळवत नाही," असं गल्लीतल्या कुत्र्यांना दटावायच्या. कुत्र्यांचं झालं की उरलंसुरलं मोरीत ओतायच्या आणि मला उकळत्या पाण्याने धुवायच्या. मला घरात मात्र कधीच आणायच्या नाहीत. त्या वेळी पुढच्या खोलीत काकांचं मशीन चालू असायचं. पायरीवरचं त्यांना दिसायचं, मोरीतलं कधी दिसलं नाही.

काकू गेल्या. काकांनी मला पायरीवर ठेवणं सोडलं नाही.

"भाऊजी, स्वतः फुटक्या कपातून चहा पिता आणि कुत्र्यांचा थाट बघा," शेजारच्या वहिनी म्हणायच्या.

"ती नावं ठेवत नाहीत हो," काका म्हणायचे.

पुढे एक इवलंसं पिल्लू आत शिरलं आणि राहिलं. दोऱ्याच्या रिळासारखं मशीनखाली घरंगळत जायचं, म्हणून त्याचं नाव बॉबिन. काका पायरीवरून मला उचलायचे आणि उरलेलं दूध तसंच त्याच्यापुढे ठेवायचे. "हिच्या वाडग्यातलं आहे, पी," म्हणायचे. एका सकाळी डोळ्यांना चिपडं आलेला, खोकणारा एक कुत्रा माझ्यात तोंड घालून गेला. त्याच्या मागोमाग बॉबिन प्यायला. मला सगळं दिसत होतं, पण वाडग्याला कुठलं बोलता येतं?

पिल्लाला लस टोचून घ्या, असं वहिनींनी सांगितलं होतं. काका म्हणाले होते, "शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत, मग नेतो."

बॉबिनला ताप आला, नाक वाहू लागलं. मग तो बरा झाल्यासारखा वाटला. काही दिवसांनी झोपेतही त्याचा मागचा पाय हलू लागला, पायमशीन मारावं तसा. काका हसले. "शिंप्याचं पोर शोभतंय." मग तो तोंडात काही नसताना चावल्यासारखा जबडा हलवू लागला आणि एकदम ताठ होऊन पडला. तेव्हा काका डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

"डिस्टेंपर आहे, कुत्र्यांचा साथीचा रोग. विषाणू मेंदूत पोचलाय," त्या म्हणाल्या. "लस दिली असती तर बहुतेक टळलं असतं. आणि बाहेरच्या कुत्र्यांचं उष्टं टाकून भांडं उकळत्या पाण्याने धुवायला हवं होतं."

काका नुसते मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले. नंतर फिट्स येतच राहिल्या आणि बॉबिनने त्यांच्या मांडीवरच जीव सोडला. मला मोरीत उकळत्या पाण्याने धुताना काका म्हणाले, "हिनं मला हे कधी सांगितलंच नाही." मला पालथा घालत म्हणाले, "मी तरी कुठं विचारलं?"

मित्रांनो, पिल्लू घरी आणलंत की आधी लस द्या. बाहेरच्या कुत्र्यांना जरूर खाऊ घाला, पण त्यांचं भांडं वेगळं ठेवा.

आता वहिनींनी भावाकडून एक पिल्लू आणलंय. काका रोज सकाळी कुंपणाशी जाऊन विचारतात, "लस द्यायला नेलंत का?"

"जरा रुळू द्या त्याला, भाऊजी. मग नेते."

"मी पण असंच म्हणत होतो, वहिनी."

त्या पिल्लाला अजून लस टोचलेली नाही.