सारवणाखालचं पांढरं

मोठीमाय म्हटलं की मला आधी तिच्या बांगड्या ऐकू येतात. ओल्या भिंतीवरून तिचा तळवा डावीकडून उजवीकडे सरके, त्यासरशी मनगटातला हिरवा काच किणकिणे, आणि शेणाचा न् नाल्याकाठच्या पांढऱ्या मातीचा थंड, गोडसर गंध माजघरभर पसरे. कवाडातून आलेलं श्रावणातलं निवळ ऊन त्या ओलीवर उतरलं की तिच्या बोटांनी उमटवलेल्या अर्धगोल रेषा एकीवर एक चढत गेलेल्या दिसत. केळापूरच्या बाजूला असलेल्या आमच्या लहानशा गावात असं सारवण कुणालाच साधत नसे, आणि हे ती स्वतःच चार बायांत सांगे.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेल्यामुळे मी तिच्याच हाताखाली वाढले. जिभेची तिखट आणि मायेची आंधळी अशी ती बाई होती. तिची एकुलती एक लेक, आमची कुसुमताई. तिला साधी ठेच लागली तरी ही दिवसभर उंबऱ्याला शिव्या देई.

त्या काळी आमच्या मुलखात भाद्रपद-आश्विन म्हणजे हिवतापाचा हंगाम. रानात कपाशी बहरावर येई आणि गावात माणसं भर उन्हात गोधड्या पांघरून कुडकुडत बसत. डाव्या कुशीत फुगून आलेली पानथरी, कुनैनच्या गोळ्यांनी कडू झालेली तोंडं, मातकट पिवळे चेहरे, या साऱ्याला आम्ही ऋतूच समजत होतो. मग सरकारनं हिवताप हटवायचं मनावर घेतलं, आणि पंप न् बादल्या घेतलेली माणसं दारोदार डीडीटी फवारू लागली. ते औषध भिंतीवर पांढरट सुकून बसे. रक्त पिऊन जड झालेला डास विसाव्याला भिंतीवर टेके, आणि तिथंच मरे. म्हणून फवारणीवाल्यांचं एकच सांगणं असायचं, की पाऊसकाळ सरेपर्यंत भिंतीला हात लावू नका.

आमच्याकडे पंप घेऊन येई तो तुळशीराम. गावचाच, खालच्या आळीतला. त्याच्या आईचा जन्म आमच्या अंगणाच्या कडेला सरपणाची मोळी टाकून लांब उभं राहण्यात गेला होता. तुळशीरामनं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्यानं स्वतःला बदललं. गावानं मात्र आपल्यात काडीचा फरक केला नव्हता. खाकी सदऱ्यातला तो ताठ माणूस पहिल्यांदा आमच्या माजघरात शिरला, तेव्हा मोठीमायनं सरकारी काम म्हणून मुकाट्यानं दार उघडलं, आणि तो बाहेर पडताच शेणाचं घमेलं मागवलं. पुढं दरवेळी तो फवारून जाई आणि ती सारवून घेई. विचारलं तर म्हणे, त्या औषधाचा वास डोक्यात जातो.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी कुसुमताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माजघरातल्या थंड कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, ती होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवत बसे. सुई ओढताना मान किंचित तिरकी करायची तिची लकब होती. त्या वेळी कवडशात तिच्या कानातलं डूल हले, आणि मोठीमाय हातातलं काम टाकून नुसती बघत राही.

तुळशीराम सकाळी फवारून गेला. दुपारी परतताना त्याला उघड्या दारातून भिंत दिसली. अर्धी ओली, अर्धी अजून औषधानं पांढरी. तो अंगणातच थांबला. आवाज चढवला नाही त्यानं.

"बाई, मी आत आलतो, त्याचं काय करायचं ते भुईवर करा," तो म्हणाला. "गोमूत्र शिंपडा, शेणानं सारवा. पन भिंतीले हात नोका लावू. कुसुमबाई दोनजीवाची हाय."

जे आजवर कुणीच उघड बोलत नव्हतं, ते त्यानं असं बोलून टाकलं होतं. स्वतःचा अपमान स्वतःच्या हातानं उचलून तिच्यापुढे ठेवला होता, का, तर तिच्या लेकीसाठी. मोठीमायचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"पोळा तोंडावर आला, बाप्पा," ती घमेल्यात बघत म्हणाली. "सनाचं घर अर्धं कसं ठेवू?"

त्यानं पंप खांद्याला लावला आणि गेला. पोळा खोटा नव्हता. पण शेण पोळ्यासाठी आलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. उरलेली अर्धी भिंत तिनं त्याच दुपारी सारवली, आणि कधी नव्हे इतकी सुबक सारवली. मला तिचा राग येतो, अजून येतो. तिच्याइतका जीव मला कुणी लावला नाही, हेही खरं.

भाद्रपदात कुसुमताईला हिव भरलं. चार गोधड्यांखाली ती अशी थरथरे की बाजेचे पाय भुईवर वाजत; मग अंगाची नुसती भट्टी होई, आणि घाम फुटला की ती ओल्या फडक्यासारखी पडून राही. पांढरकवड्याहून डॉक्टर आणला, सुया झाल्या, गोळ्या झाल्या. बाळ आधी गेलं, मग ती. गोधडीचा एक काठ शिवायचा राहिला होता.

भिंत तशीच राहू दिली असती तर ती वाचलीच असती, असं छातीठोक कोण सांगणार? आजार इतका सरळ नसतो, हे मला कळतं. मोठीमायला तसं कुणी काही बोललं नाही, आणि तिनं कुणाला विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी तुळशीराम आला तेव्हा तिनं स्वतः देवांच्या तसबिरी उतरवल्या, देवघराचं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली. पंपाचा फसफस आवाज तेवढा घरभर फिरत होता. तो निघाला, तसं तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली.

"तुळशीराम, तो कोपरा राह्यला."

तो कुसुमताईचा कोपरा होता. त्यानं पुन्हा बादली टेकवली आणि तेवढी जागा सावकाश, दोनदा फवारली.

त्यानंतर मोठीमायनं त्या भिंतीला हात लावला नाही. पोळे आले, दिवाळ्या गेल्या, फवारणीही पुढं थांबली; माजघर कळाहीन होत गेलं आणि तिच्या हातांना भाकरीच्या पिठाखेरीज काही ओलं ठाऊक राहिलं नाही. एका उन्हाळ्यात, मी माहेरी गेले असताना, त्या कोपऱ्यातला एक पोपडा सुटून तिच्या मांडीजवळ पडला. वरच्या अंगाला, नंतरच्या फवारण्यांनी भुरकट झालेल्या, तिच्याच बोटांच्या अर्धगोल रेषा होत्या. तिनं तो उलटा केला. आतल्या अंगाला पांढरं औषध चिकटलेलं होतं, त्या सकाळी सुकलं होतं तसंच.

"हेच व्हय ना वो?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं तो पोपडा पदरात घेतला आणि भिंतीला पाठ टेकून ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. माणसं निघून जातात. ज्यानं कदाचित ती राहिली असती, ते मात्र आपल्याच बोटांच्या ठशांखाली वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं.