दोन्ही पंप एकाच दिवशी

फोनला नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली की मी ती लगेच कधीच बसवत नाही. दहा दिवस थांबतो. तेवढ्या काळात ज्यांना घाई असते ते आपापले फोन पणाला लावतात आणि काय काय बिघडले याची ओरड जिन्यातून माझ्या कानावर येते. मग एखाद्या रविवारी, सकाळचा चहा झाल्यावर, मी वही उघडतो. फोन ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज केलेला असावा. छायाचित्रे आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवावेत. सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढावा, म्हणजे नंतर काय बदलले ते ताडून पाहता येते. ‘नवीन काय’ हे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. या सूचना मी सुवाच्य अक्षरांत लिहून तळमजल्यावरच्या फलकावर लावल्या होत्या आणि इमारतीतले बहुतेक लोक त्या पाळत. फोन अडला की मला हाक मारत.

ही शिस्त मला बॉयलर हाउसने लावली. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून चौतीस वर्षे मी तिथल्या मापकांची आणि भोंग्यांची देखभाल केली. बॉयलरला पाणी पुरवणारे दोन पंप होते. एक चालू आणि एक राखीव. दोन्ही पंप एकाच दिवशी उघडायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. पाणी कमी झाल्यावर वाजणारा भोंगा दर सोमवारी सकाळी दहाला मुद्दाम वाजवून पाहायचा, हा दुसरा. हे दोन नियम मी घरी जेवताना इतक्यांदा सांगितले आहेत की पत्नीला ते माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि माझा धाकटा भाऊ तिसऱ्या. तो पुस्तकबांधणी करतो आणि एकटाच असतो. अकराव्या वर्षापासून त्याला साखरेचा आजार आहे, इन्सुलिनवर आहे. साखर फार खाली गेली की इतरांना घाम फुटतो, हात कापतात. त्याच्या शरीराने असा इशारा देणे केव्हाच सोडून दिले. तो बोलता बोलता, काम करता करता हळूहळू विझत जातो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नी त्याला डबा द्यायला गेली, तेव्हा तो खळीचा ब्रश हातात धरून भिंतीकडे पाहत बसला होता. ब्रशवरची खळ वाळून कडक झाली होती. डॉक्टरांनी नंतर सांगितले, आणखी अर्धा तास गेला असता तर हा माणूस परत आला नसता.

तेव्हापासून त्याच्या दंडावर एक बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो साखरेचा आकडा त्याच्या फोनला कळवतो आणि त्याचा फोन माझ्या फोनला. आकडा सत्तरच्या खाली गेला की त्याच्याकडे घंटा वाजते आणि माझ्याकडे कारखान्याचा भोंगा. आवाज मीच निवडला. अ‍ॅपचे नाव ‘इशारा’. धाकटा आकडा पाहायला त्याच्याकडचे रोज उघडे, पण माझ्याकडचे मी बसवल्या दिवसापासून एकदाही उघडले नव्हते. उघडण्याचे कारणच नव्हते. आठवड्यातून दोन-तीनदा ते आपणहून बोंबलत असे, मी वर फोन लावत असे, आणि धाकटा म्हणत असे, “पितोय रे दादा साखरपाणी, जिना चढू नकोस.”

त्या रविवारी मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पत्नी भाजी निवडत बसली होती. तिने एकदा फोनांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

“तुमचे ते दोन पंप कुठे गेले आज?”

हे पंप नाहीत, असे मी तिला सांगितले. एकाच प्रकारचे दोन फोन, एकच कृती. दोन रविवार कशाला घालवायचे? ती देठ मोडत राहिली.

नव्या आवृत्तीत पाहण्यासारख्या दोन सोयी होत्या. पहिली अशी की जी अ‍ॅप्स बरेच दिवस कोणी उघडली नाहीत त्यांना फोन आपणहून विश्रांती देई, म्हणजे बॅटरी टिके. ती मला पसंत पडली. मी दोन्हीकडे खूण केली. दुसरी ‘कामाची वेळ’. धाकट्याची फार दिवसांची तक्रार होती की हात खळीत बुडालेले असताना जाहिरातवाल्यांचे फोन येतात आणि पुठ्ठ्यावर बोटे उमटतात. मी त्याच्या फोनवर अकरा ते पाच शांतता लावून दिली. तेवढ्या वेळात ‘इशारा’ची घंटाही दबेल, हे मला ठाऊक होते. माझ्या लक्षातून ते निसटले असे कोणी म्हणू नये. मी वहीत लिहिले: धाकट्याची घंटा कामाच्या वेळेत बंद, माझा भोंगा चालू. पुढे एक शब्द लिहिला, ‘पुरेसे’, आणि त्याखाली रेघ मारली.

त्यानंतर भोंगा वाजला नाही.

चार दिवस गेले, तेव्हा मी ते वहीत नोंदवले. आठ दिवस झाले, तेव्हा पत्नीला म्हणालो की धाकट्याने खाण्यापिण्याचे मनावर घेतलेले दिसते. “फोनच शहाणा झालाय म्हणायचा,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघे हसलो. जिन्यात तो भेटला तेव्हा मी विचारले, सध्या बरे चालले आहे ना? तो म्हणाला, “चाललंय, दादा.” त्याच्या हातात कापडी पाठीच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि चेहरा थोडा उतरलेला होता, पण वह्यांच्या हंगामाचे दिवस, कामाचा बोजा असणारच. घरात एक नवीनच शांतता आली होती. मी तिला आरोग्य समजलो.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, सव्वातीनच्या सुमारास तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला बोलावले. त्या पडदे आणि गणवेश शिवतात. त्यांच्या फोनमध्ये रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देणारे अ‍ॅप मीच घालून दिले होते.

“काका, हा फोन गप्प झालाय बघा. आधी नुसतं डोकं खायचा, आता तोंडच उघडत नाही. तीन दिवस गोळी राहिली माझी.”

मी यंत्राशेजारच्या स्टुलावर बसलो. आवाज पाहिला, पूर्ण होता. सूचनांची परवानगी पाहिली, तर ती काढून घेतलेली. बॅटरीच्या पानावर गेलो. तिथे ‘विश्रांती दिलेली अ‍ॅप्स’ अशी यादी होती आणि तिच्यात गोळीचे अ‍ॅप दुसरे होते. मी शिकवण्याच्या सुरात त्यांना विचारले की हे अ‍ॅप तुम्ही शेवटचे कधी उघडले होते.

“उघडायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “ते आपणहून वाजतं की.”

माझा हात त्यांच्या फोनवर तसाच राहिला. यंत्राच्या सुईखाली अर्धी शिवण थांबलेली होती. मी खिशातून माझा फोन काढला, तेच पान उघडले. सहा नावे होती. टॉर्च, गणकयंत्र, होकायंत्र. चौथे नाव ‘इशारा’.

मी त्यावर बोट ठेवले. फोनने विचारले, या अ‍ॅपला सूचना पाठवू द्यायच्या का? मी हो म्हटले. पार्श्वभूमीत चालू द्यायचे का? हो. एक पांढरे वर्तुळ फिरत राहिले. ते किती वेळ फिरले ते मला सांगता येणार नाही. बाई काहीतरी विचारत होत्या आणि मला त्यांचे ओठ हललेले तेवढे दिसत होते. मग आकडा आला. सत्तेचाळीस. शेजारी खाली वळलेला बाण. त्याखालच्या आलेखातली रेघ दोन वाजून वीस मिनिटांनी सत्तरच्या खाली उतरली होती आणि उतरतच होती. पंचावन्न मिनिटे.

तेव्हा कुठे भोंगा वाजला. बाईंच्या हातातली कात्री फरशीवर पडली.

तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. माझे गुडघे त्या एका दमात चढू देत नाहीत. त्या दिवशी त्यांना कोणी विचारले नाही. पहिल्या मजल्यावरून पत्नीला हाक मारली, “साखरपाणी, वर!” धाकट्याच्या दाराची दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात असते. ती कुलपात बसेना, कारण मी उलटी घालत होतो.

आत तो नेहमीच्या जागी, शिलाईच्या चौकटीसमोर ताठ बसला होता. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे संच, नीट रचलेले होते. त्याच्या हातात सुई होती आणि तो शिवत होता. सुई फर्म्यात जात होती, पलीकडून निघत होती, पुन्हा जात होती. तिच्यात दोरा नव्हता. मेण लावलेला दोरा पायाशी गुंडाळ्यात पडलेला होता. किती वेळापासून तो असा शिवत होता कोण जाणे. कागदाच्या घडीला भोकांमागून भोके पडून ती जाळीसारखी झाली होती. काही भोकांच्या कडा लाल होत्या, आणि त्याच्या डाव्या बोटांतून रक्त येत होते. त्याचा फोन शेजारच्या फळीवर होता. पडद्यावर घंटेचे चित्र मुकाट्याने उघडझाप करत होते.

मी त्याला नावाने हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, ओळखीचे हसला आणि म्हणाला, “वहिनी, दादाला सांगू नका.”

पत्नी आली. तिने त्याचे डोके मागून धरले, मी चमच्याने पाणी पाजत राहिलो. पहिले दोन चमचे हनुवटीवरून ओघळले. तिसरा त्याने गिळला. पुढची पंधरा मिनिटे मी आयुष्यात कुठल्याही मापकाकडे पाहिले नसेल तसे त्या आकड्याकडे पाहिले. एकेचाळीस झाला. मग त्रेचाळीस. मग बाण आडवा झाला. साठ झाल्यावर धाकट्याच्या डोळ्यांत ओळख परत आली. बोटांकडे पाहून त्याने विचारले हे काय, आणि नंतर फळीवरच्या फोनकडे पाहिले.

“भोंगा वाजला ना तुझा?” तो म्हणाला. “बरं झालं.”

हो म्हणणे फार सोपे होते. पत्नी माझ्याकडे पाहत होती. हो म्हटले असते तर हा माणूस उद्यापासून पुन्हा निर्धास्त बसला असता, आणि तो कुणाच्या जोरावर निर्धास्त आहे ते फक्त मला माहीत असते. मी त्याला सगळे सांगितले: विश्रांतीची यादी, कामाची वेळ, दोन्ही फोन एकाच रविवारी. वहीतला शब्दही सांगितला.

पत्नी त्याच्या बोटांना पट्टी बांधत होती.

“गेल्या बुधवारी संध्याकाळी माझी घंटा वाजली होती,” तो म्हणाला. “आणि त्याआधी एकदा. तुझा फोन आला नाही. मला वाटलं, दादाला ऐकू गेलं असणार, जेवत असेल. मी आपला प्यायलो साखरपाणी.”

“मला सांगायचंस.”

“काय सांगायचं? तू येत नाहीस म्हणून?” त्याने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. “तू कधी चुकत नाहीस ना. म्हणून नाही बोललो.”

दुसऱ्या दिवशी मी फलकावरचा कागद काढून आणला आणि खाली भर घातली: जे अ‍ॅप संकटात वाजायचे आहे ते आठवड्यातून एकदा हाताने उघडून, वाजवून पाहावे. बॅटरीच्या पानावर त्याला विश्रांतीतून वगळावे. कामाची वेळ लावताना ज्या आवाजांना मुभा हवी त्यांची नावे द्यावीत. हे सारे मी आमच्या दोन्ही फोनांवरही केले. नवी आवृत्ती आपोआप बसण्याची सोय बंद केली. ती मागच्या वेळी आपणहून चालू झालेली सापडली. रोज सकाळी दहाला धाकटा खाली येतो, दोन्ही फोन टेबलावर ठेवायचे आणि ‘इशारा’तले चाचणीचे बटण दाबायचे, असे ठरले. तो येतो. पूर्वीसारखी थट्टा करत नाही. माझा भोंगा आणि मागोमाग त्याची घंटा वाजली की मान हलवतो आणि जिना चढतो.

सहा आठवडे हे बिनचूक चालले. काल दहाला त्याने फोन ठेवला आणि मी माझा शेजारी सरकवला. दोन्ही पडदे एकदमच उजळले. दोन्हींवर तेच वाक्य होते: महत्त्वाची सुरक्षा आवृत्ती बसवून झाली आहे, तुम्हाला काहीही करावे लागणार नाही.

आपोआप बसण्याची जी सोय मी बंद केली होती ती उघडून पाहिली. ती बंदच होती.

“मी हात लावलेला नाही,” धाकटा म्हणाला.

“मीही नाही.”

पत्नी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात साखरेचा डबा होता. मी चाचणीचे बटण दाबले. माझा भोंगा वाजला, खिडकीच्या काचा थरथरतील इतका मोठा. तो थांबला, आणि आम्ही तिघे धाकट्याच्या फोनकडे पाहत राहिलो.