अहोंचं नाव

डॉक्टर साठ्यांनी लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द गेल्या आठवड्यात माझ्या घरी राहायला आले. लिंबू, खुर्ची आणि नदी. वळकट्या घेऊनच आले, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

त्याचं असं झालं. हे घराबाहेर पडले की ह्यांचं नाव मनात एकवीस वेळा घ्यायचं, एक जरी चुकलं तर ह्यांना ट्रक उडवणार, ही माझी बावीस वर्षांची खात्री. नाव घेता घेता दूध उतू जायचं, लेकीची बस चुकायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण थांबता यायचं नाही. गोळ्यांनी ते थांबलं. खरंच थांबलं. फक्त डोक्यात गार कणीक भरल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी परीक्षा घेतली. पाच मिनिटांनी मी तिन्ही शब्द बिनचूक सांगितले.

"उत्तम! गोळ्या चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. शब्द माझ्या मागोमाग रिक्षात बसले.

घर दोन खोल्यांचं. नदीला ओट्याखाली जागा दिली, खुर्ची दिवाणावर झोपली. लिंबाला कुठेच जागा उरली नाही, तेव्हा ते ह्यांच्या नावाच्या जागी राहिलं. सकाळी दारावरच्या पाटीवर 'श्री. लिंबू' होतं. आधी तिथे काय होतं, ते मला आठवेना. विचारणार कुणाला? "अहो, तुमचं नाव काय हो?" शी! जीव गेला तरी विचारलं नसतं. आणि गरजही पडली नाही. 'अहो' म्हटलं की हे ओ द्यायचे, चहा घ्यायचे, कामावर जायचे.

काल संध्याकाळी खाली सोसायटीचं हळदीकुंकू होतं. हे मेथीची पिशवी घेऊन आले, तर वॉचमन म्हादबांनी फाटक उघडलं नाही.

"सात नंबरात लिंबू राहतात. हे कोण?"

"अहो म्हादबा, हे आमचे..."

"तेच विचारतोय वहिनी. नाव सांगा, लगेच सोडतो."

"अय्या, नाव घेतायत!" निमकरकाकू ओरडल्या. "घ्या, घ्या!"

वीस बायकांनी मला मधे घेतलं. गोल आवळत गेला, इतका की शेजारणीच्या बांगड्या माझ्या दंडाला रुतल्या. उखाणा मात्र तोंडातून आपसूक आला.

"मोगऱ्याच्या वेणीला गाठ मारते जपून..."

पुढे नाव होतं. मी थांबले.

"लाजल्या बघा! एवढी वर्षं झाली तरी!"

लाजलेच होते. कानशिलं जळत होती. गजांपलीकडे हे पुसट व्हायला लागले होते, शर्टातून मागे उभी असलेली रिक्षा दिसत होती.

"सांग ना गं," हे हळूच म्हणाले.

"काय बाई, नवऱ्याचं नाव विसरलात की काय?" काकूंनी डोळे मिचकावले. सगळ्या खो खो हसल्या.

"छे हो," मी म्हणाले. "हे आमचे कुणी नव्हेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी काखोटीला मारून दोन्ही हात जोडले.

"माफ करा हं, ताई. घर चुकलं."

ते वळले, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.