डाव्या खांबापाशी

मॅलकी टूहीनं गोलपंचाचा पांढरा कोट अंगावर चढवला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं किलब्रॅकच्या संघासाठी गोलासमोर उभं राहून काढली होती. भल्याभल्यांच्या बरगड्यांत कोपर ढोसलं, दोनदा स्वतःचं नाक मोडून घेतलं, पण भीती कशाशी खातात ते माहीत नव्हतं. आणि आता नुसतं खांबापाशी उभं राहून चेंडू आत की बाहेर एवढं सांगायचं, तर त्याला धडकी भरली होती. उन्हाळ्यापासून त्याचा डावा डोळा जवळजवळ गेला होता. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शाळेची गाडी चालवायचं काम गेलं असतं. खेळ तर सुटलाच होता, आता गाडीही सुटली तर घरात बसून करायचं काय?

मुख्य पंच त्याचा मेहुणा, फिनबार. तोच त्याला गळ घालून घेऊन आला होता. "डोळ्यांत तेल घालून बघ रे बाबा," तो म्हणाला. "उपांत्य सामना आहे. चुकलास तर दोन्ही गावं मिळून आपल्याला फाडून खातील."

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. मॅलकी जीव मुठीत धरून उभा होता. आणि अगदी शेवटी काहल नावाच्या पोरानं लांबून लाथ हाणली. चेंडू मॅलकीच्या खांबावरून उंच गेला. त्यांच्या फुटबॉलमध्ये असा उंच चेंडू दोन्ही खांबांच्या मधून गेला तर गुण, बाहेरून गेला तर नाही. मॅलकीनं वर पाहिलं. नुसतं पांढरं आभाळ.

दुसऱ्या खांबापाशी उभा असलेला गोलपंच जेरोम ओरडला, "तुझ्या डोक्यावरनं गेला, मॅलकी! तूच सांग!"

तेवढ्यात त्याला बचाव करणारा लालकेशी पोरगा दिसला. चेंडू बाहेर गेलाय अशा थाटात तो पाठ फिरवून शांतपणे चेंडू आणायला निघाला होता. मॅलकीला हसूच आलं. ही तर त्याची स्वतःची जुनी लबाडी! गुण गेला तरी चेहरा कोरा ठेवायचा आणि चालू लागायचं. कित्येक पंचांना त्यानं असंच गंडवलं होतं. म्हणजे चेंडू नक्की आत. त्यानं गुणाचं पांढरं निशाण उंचावलं.

शिट्टी वाजली. कुंपणापलीकडून कुणीतरी केकाटलं, "अरे आंधळ्या, घरी जा!" असं दर सामन्यात कुणी ना कुणी ओरडतंच. पण मॅलकीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर पडताना काहल त्याच्या कानाशी लागला. "काका, बिअर माझ्याकडून! हातभर बाहेर होता की!"

मॅलकी गाडीपाशी आला आणि किल्ली हातात धरून नुसताच उभा राहिला. डोळ्यानं नाही दिसलं तरी माणसं ओळखून निभेल असं त्याला वाटलं होतं. शाळेची गाडीही तो असाच चालवत होता, सवयीनं आणि अंदाजानं. पोरं उतरतात ती डाव्या दारानं. उतरतात आणि धावत सुटतात.

त्यानं किल्ली फिनबारपुढे धरली. "तू चालव."

"का रे? बरं वाटत नाही का?"

"चेंडू बाहेर होता. मला दिसलाच नाही."

"आणि हे तू आत्ता सांगतोस? निशाण काय हौस म्हणून फडकवलंस?"

"डावा डोळा गेलाय, फिनबार. उन्हाळ्यापासून."

फिनबारनं शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण शिवी न देता आधी किल्ली हिसकावून घेतली.

"आमची ऑर्ला रोज तुझ्याच गाडीतून शाळेत जाते, मॅलकी," तो म्हणाला.