बराकीबाहेरचे बूट

"अगं, म्युझियम आहे हे. शूज घाल आधी," शिवांगी म्हणाली.

सात वर्षांच्या सावनीने बराकीच्या दाराशी बूट काढून नीट ओळीत ठेवले होते. आत पत्र्याच्या छताखाली लोखंडी खाटा होत्या आणि त्यांवर घड्या घातलेली घोंगडी.

"बट पीपल स्लीप हिअर," सावनी म्हणाली.

माणसं झोपतात तिथे बूट घालून जायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलं होतं. आईने, उत्तराने, स्वतःचेही बूट काढले. मग सावनीच्या बारा वर्षांच्या भावाने, निहारनेही काढले. शेजारीण शिवांगी बुटांसकट आत आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकोतून करारावर आणलेले शेतमजूर या कॅम्पात राहायचे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून, राहत्या गावाहून, इथे यायची टूम उत्तराचीच. घरात बसवत नव्हतं तिला. तिची नोकरी गेली होती आणि नोकरीपाठोपाठ व्हिसाही. नवरा ऋषी तिच्याच व्हिसावर. पुढच्या महिन्यात चंबूगबाळं आवरून नागपूर. मुलांना मात्र 'सुट्टीला चाललोय' एवढंच सांगितलेलं. ही शक्कल शिवांगीची, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून. उत्तराने आजवर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं होतं, आणि घरातली ही थाप तिने चालवून घेतली होती. या गोष्टीचा तिला रोज संताप यायचा.

माहिती सांगणाऱ्या रामिरेझबाईंचे वडील याच बराकीत राहायचे. मुलांच्या पायांत नुसते मोजे पाहून त्यांनी स्वतःचेही बूट दाराबाहेर ठेवले. मग मुलांना ओळीत उभं करून हात पुढे करायला सांगितलं. भरतीच्या वेळी मजुरांचे तळवे असेच तपासायचे म्हणे; घट्टे नसले तर काम नाही. सावनीचे तळवे लोण्यासारखे. हात दाखवून अवलक्षण. ती नापास झाली आणि खुदकन हसली.

"आणि काम संपल्यावर?" निहारने इंग्रजीत विचारलं.

"बसमध्ये बसवून परत पाठवायचे."

"इव्हन इफ दे वर्क्ड रिअली हार्ड?"

"तरीही," रामिरेझबाई म्हणाल्या.

निहारने आईकडे पाहिलं. "लाइक अस."

"नाही रे बेटा," शिवांगी घाईने म्हणाली, "यू आर गोइंग फॉर व्हेकेशन."

"व्हेकेशन नाही," उत्तरा म्हणाली. "माझा जॉब गेला. व्हिसा गेला. आपल्याला घर सोडावं लागतंय. तुमची शाळा पण."

"यार उत्तरा, मुलांसमोर कशाला?"

"शाळा त्यांची सुटतेय ना. मग त्यांच्यासमोरच." तिचा आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. "मी काही चुकीचं केलेलं नाही. बाबांनीही नाही. कुणी मान खाली घालायची नाही."

"आय न्यू," निहार म्हणाला. "बाबा फोनवर बोलत होते. यू शुड हॅव टोल्ड मी."

"हो. सांगायला हवं होतं."

सावनी रडायला लागली. उत्तराने तिला जवळ घेतलं, पण सगळं छान होईल असलं काही म्हणाली नाही. आपली पोरं दुःखी झाली याचं तिला वाईट वाटत होतं. खरं बोलल्याचं नाही.

दाराशी पाहुण्यांसाठी जगाचा नकाशा टांगलेला होता. आपण कुठून आलो तिथे टाचणी लावायची. शिवांगीने सवयीने पुण्यावर लावली. उत्तराही आजवर अशा प्रत्येक ठिकाणी नागपूरच दाखवत आली होती. रामिरेझबाईंनी टाचणी निहारच्या हातात दिली. तो हात उचलून तसाच थांबला.

"आई, कुठे लावू?"

"राहतोस कुठे?"

"सांता क्लारा. पण नेक्स्ट मंथ..."

"आज कुठे राहतोस?"

निहारने टाचणी सांता क्लारावर टेकवली. उत्तराने तिच्यावर अंगठा ठेवला आणि ती भिंतीच्या लाकडात रुतेपर्यंत दाबली.